मालाचा विमा आहे, मग ‘चार्टरर्स लायबिलिटी’ वेगळी कशाला?

पिरंगुटकर

जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

आमचा कारखाना पिरंगुटला, साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवतो. इव्हॅपोरेटरच्या बॉड्या, व्हॅक्युम पॅन, मिलचे हाउसिंग, बॉयलरचे ड्रम असला अवजड प्रकार. आजवर सुटा माल कंटेनरमधून आणि मोठे नग लायनरच्या, म्हणजे ठरल्या मार्गावर वेळापत्रकाने धावणाऱ्या, जहाजातून जायचे. लायनरवाला ठरलेलं फ्रेट (माल नेण्याचं भाडं) घ्यायचा, पुढचं त्याचं तो बघायचा. यावेळी पूर्व आफ्रिकेतल्या एका कारखान्याचा अख्खा प्रकल्प एकदम जातोय आणि हव्या त्या तारखांना लायनर मिळत नाहीये. मुंबईच्या ब्रोकरने स्वतःच्या क्रेनचं एक छोटं जहाज सुचवलंय, ट्रिप टाइम चार्टरवर, म्हणजे एका फेरीपुरतं भाड्याने, मुंबई ते मोम्बासा. म्हणजे रोजचं हायर (भाडं) आम्ही भरायचं, बंकर (जहाजाचं इंधन) आम्ही भरायचं, स्टिव्हडोर (माल चढवणारे-उतरवणारे) आम्ही लावायचे.

चार्टर पार्टीचा (जहाजाच्या भाडेकराराचा) मसुदा एनवायपीई (न्यूयॉर्क प्रोड्यूस एक्स्चेंज) १९४६ च्या छापील फॉर्मवर आलाय, मागे रायडर क्लॉजचं (जोड कलमांचं) लांबलचक शेपूट. त्यात एक कलम असं की चार्टररने (जहाज भाड्याने घेणाऱ्याने, म्हणजे आम्ही) इंटरनॅशनल ग्रुपच्या पी अँड आय (प्रोटेक्शन अँड इन्डेम्निटी) क्लबकडून किंवा तोडीच्या विमाकाराकडून ‘चार्टरर्स लायबिलिटी’ कव्हर घेतलेलं असलं पाहिजे.

आमच्या साहेबांचा प्रश्न सरळ आहे. मालाची मरीन पॉलिसी आहे, आमच्या शेडपासून तिकडच्या साइटपर्यंत. जहाजाच्या मालकाकडे त्याचं पी अँड आय सर्टिफिकेट आहे, ब्रोकरने पाठवलंय. मग हा तिसरा विमा कशाचा? जहाजमालकाला आम्ही देणं लागावं असं होणार तरी काय? विमा एजंटाला विचारलं तर म्हणाला, “घेऊन टाका, सगळे घेतात.” हे मी साहेबांना सांगू शकत नाही.

आणि हे क्लब म्हणजे नक्की काय? विमा कंपनी नाही म्हणतात, मग पैसे कोण देतं?

माल_रवाना

या भानगडीत पडूच नका. एखाद्या प्रोजेक्ट कार्गोवाल्या फॉरवर्डरला (माल पोचवायची व्यवस्था बघणाऱ्याला) चार्टरर होऊ द्या, तुम्ही बुकिंग नोटवर (जहाजात जागा राखायच्या करारावर) नुसते शिपर, म्हणजे माल पाठवणारे, राहा. चार पैसे जास्त जातील, रात्रीची झोप लागेल. टाइम चार्टर हा यंत्र बनवणाऱ्याचा धंदा नाही.

जुना_दावेवाला

पिरंगुटकर, तुमच्या एजंटाचा सल्ला बरोबर आहे, पण कमिशन घेणाऱ्याने एवढ्यावर थांबू नये. मी बॅलार्ड इस्टेटला एका पी अँड आय करस्पॉन्डंटच्या (क्लबच्या स्थानिक प्रतिनिधीच्या) कचेरीत नोकरी केली, डेक्कन क्वीनच्या पासावर. आता निवृत्त आहे, कर्वेनगरात असतो आणि असले प्रश्न दिसले की राहवत नाही. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी क्लब. तुम्ही सोसायटीत राहत असालच. वर्षाच्या सुरुवातीला समिती अंदाज बांधून मेंटेनन्स ठरवते. मध्येच लिफ्टची मोटर जळाली आणि गंगाजळी पुरली नाही तर जादा वर्गणी निघते, आणि ती तळमजल्यावाल्यालाही द्यावी लागते. नफा खाणारा कुणी शेठ नाही, सभासद हेच मालक. पी अँड आय क्लब तसाच. जहाजमालक सभासद असतात, जहाजाच्या टनेजवर (आकारमानावर) आणि आधीच्या दाव्यांवर ज्याची त्याची रक्कम ठरते, तिला प्रीमियम न म्हणता कॉल म्हणतात. वर्ष २० फेब्रुवारीला दुपारी १२ वाजता सुरू होतं, ग्रीनिच वेळेप्रमाणे. दावे जास्त आले तर सप्लिमेंटरी कॉल निघतो. वर्षाचा हिशेब लगेच मिटत नाही, साधारण तीन वर्षं उघडा राहतो, कारण आज झालेल्या अपघाताचं बिल तेव्हा येतं. मध्येच क्लब सोडणाऱ्याला म्हणून रिलीज कॉल (पुढच्या संभाव्य मागणीची एकरकमी फेड) भरून मोकळं व्हावं लागतं. संचालक मंडळावर जहाजमालकच असतात, रोजचा कारभार मॅनेजर बघतात.

हे असं का झालं? जहाजाच्या हल (सांगाडा) विम्याने जहाजाचं नुकसान भरून मिळायचं, पण आपल्या जहाजाने दुसऱ्याचं केलेलं नुकसान नाही. १८३६ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने टकरीच्या देण्याबाबत तसंच ठरवलं. पुढे हलवाल्यांनी त्या देण्याचा तीन चतुर्थांश भाग उचलायला सुरुवात केली, उरलेला चतुर्थांश मालकाच्या डोक्यावर ठेवला, म्हणजे तो जपून चालवेल! १८४६ च्या कायद्याने अपघातात मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई मागता यायला लागली, तीही मालकावर आली. मग मालकांनी आपसातच वर्गणी काढली. असा पहिला क्लब १८५५ चा, आजच्या ब्रिटानियाचा पूर्वज. मालाच्या दाव्यांचं संरक्षण त्यानंतर, १८७४ मध्ये न्यूकॅसलला सुरू झालं.

आज इंटरनॅशनल ग्रुपमध्ये १२ क्लब आहेत आणि जगातल्या सागरी टनेजपैकी सुमारे ९० टक्के त्यांच्याकडे आहे. दाव्यातले पहिले साधारण १ कोटी डॉलर ज्याचा त्याचा क्लब सोसतो. त्यावर १० कोटी डॉलरपर्यंत बाराही क्लब मिळून वाटून घेतात. त्याच्यावर ग्रुपने एकत्र घेतलेलं रीइन्शुरन्स (विमाकारांचा विमा), तेही सुमारे ३ अब्ज डॉलरपर्यंत. २०२४ च्या मार्चमध्ये ‘डाली’ जहाजाने बाल्टिमोरचा पूल पाडला, आठवत असेल, २१ खलाशांपैकी २० भारतीय होते. ते जहाज ब्रिटानियाकडे होतं. म्हणजे त्या पुलाचा भार थोडाथोडा बाकीच्या अकरा क्लबांच्या सभासदांवरही पडतो, ज्यांनी बाल्टिमोर पाहिलेलंही नसेल.

आता तुमचा मुद्दा. मालकाचं सर्टिफिकेट मालकाचं. त्यात खलाशी येतात, तेलगळती येते, बुडालेलं जहाज काढणं, धक्क्याचं नुकसान, मालाचे दावे, सगळं मालकाचं देणं. तुमचं देणं त्यात नाही. उलट तुमच्यामुळे मालकाला खर्च आला तर तोच क्लब वकील देऊन तो तुमच्याकडून वसूल करायला येणार. साहेबांना एवढं एकच वाक्य सांगितलंत तरी पुरे.

आणि मालाची पॉलिसी तुमच्या मालाचं काय झालं ते बघते. तुमच्या मालाने, तुमच्या स्टिव्हडोरने, तुमच्या बंकरने किंवा तुमच्या हुकमाने दुसऱ्याच्या जहाजाचं काय झालं, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

होणार तरी काय, असं विचारलंत म्हणून इंदिरा डॉकमधलं डोळ्यांदेखतचं सांगतो. एक कंपनी, नाव नको, तुमच्यासारखीच पहिल्यांदा टाइम चार्टर केलेली. जड नग होल्डमध्ये (जहाजाच्या पोटातल्या कोठारात) उतरवताना टॅगलाइन (नग सावरायचा दोर) धरणाऱ्यांपैकी एकाच्या हातून दोर सुटला, नग हेलकावला आणि हॅच कोमिंगवर (होल्डच्या तोंडाच्या कठड्यावर) आदळला. आवाज फारसा झाला नाही. पोचा पाहायला गेलं तर हातभर, पण कोमिंगची वरची पट्टी आत वाकली आणि हॅच कव्हरचं रबर तिथे बसेना. आता हॅच कव्हर पाणी धरत नसेल तर क्लासचा (जहाज तपासणाऱ्या संस्थेचा) सर्व्हेअर जहाज सोडत नाही. चीफ ऑफिसरने अर्ध्या तासात स्टिव्हडोर डॅमेज रिपोर्ट टाइप करून आणला. स्टिव्हडोरचा फोरमन सही करेना, एजंट म्हणे आमचा संबंध नाही. शेवटी एजंटाने ‘फक्त पोच मिळाली’ असं लिहून सही केली, ते शहाणपणाचं झालं. पोलाद कापून नवं बसवणं, वेल्डिंगची तपासणी, क्लासची फी, हॅचवर पाण्याचे फवारे मारून चाचणी, आणि हे सगळं होईपर्यंत हायर चालू, कारण खोळंबा चार्टररच्या माणसांमुळे. बिल कंपनीकडे. कंपनीने ते मालाच्या विमावाल्याकडे पाठवलं, त्याने दोन ओळींत परत केलं. माल शाबूत होता ना!

चार्टरर्स लायबिलिटीमधला मोठा भाग हा असतो, ‘डॅमेज टू हल’, म्हणजे जहाजाचं नुकसान. बाकी मालाचे दावे, प्रदूषण, दंड वगैरे. आणि एक फरक लक्षात ठेवा. तुम्हाला मिळेल ते कव्हर बहुधा फिक्स्ड प्रीमियमचं असेल. वर्गणीतले सभासद तुम्ही होत नाही, सप्लिमेंटरी कॉल तुमच्या दाराशी येत नाही. मर्यादा मात्र तुम्ही निवडायची असते, आणि ती मालाच्या किमतीवर ठरवू नका. जहाजाच्या किमतीकडे बघा.

माल_रवाना यांचा मार्ग चुकीचा नाही, फक्त फुकटचा नाही. फॉरवर्डर चार्टरर झाला तरी बुकिंग नोटच्या मागे बारीक छपाईत तो बराचसा धोका तुमच्यावर परत ढकलतो. शिपर म्हणून वजन, गुरुत्वमध्य, उचलायच्या जागा, धोकादायक पदार्थ याबद्दल जे लिहून द्याल त्याची जबाबदारी तशीही तुमचीच.

माल_रवाना

बारीक छपाई सगळेच लावतात हो काका. पण वसुलीला क्लबचा वकील माझ्याकडे येतो, साहेबांकडे नाही. त्याचेच चार पैसे. :)

पिरंगुटकर

काका, मनापासून आभार. तुमची पोस्ट छापून साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांचे दोन प्रश्न.

एक, मालकाच्याच क्लबमध्ये आमचं नाव को-अ‍ॅश्युअर्ड (जोड विमाधारक) म्हणून घालून घेतलं तर? ब्रोकर म्हणतो मालक तयार होईल.

दोन, मालाचं नुकसान झालं तर आमची मरीन पॉलिसी पैसे देईल आणि विषय संपेल. तुम्ही चार्टररच्या कव्हरमध्ये पुन्हा मालाचे दावे का म्हणताय? माल तर आमचाच.

जुना_दावेवाला

पहिल्याचं उत्तर थोडक्यात. को-अ‍ॅश्युअर्ड केल्याने तुम्हाला मालकाचं छत्र मिळतं ते मालकाच्याच देण्यापुरतं. म्हणजे जो दावा खरं तर मालकावर जायचा तो चुकून तुमच्यावर आला, तर क्लब बघेल. तुमचं स्वतःचं चार्टरर म्हणून देणं असेल तर नाही. जहाजाच्या नुकसानीचं तर सोडाच, ज्याचं जहाज त्याच्याच क्लबने तुमच्या वतीने त्यालाच पैसे द्यायचे, असं होत नसतं. ब्रोकर तयार आहे कारण त्याला फिक्स्चर (भाड्याचा सौदा) करायचंय.

दुसरा प्रश्न चांगला आहे, आणि नेमकी तिथेच लोकांची गफलत होते. तुमचा बॉयलर ड्रम समुद्रात लॅशिंग (बांधलेले दोर-साखळ्या) तुटून लोळला आणि चेपला असं धरा. तोवर कागदपत्रं बँकेतून खरेदीदाराकडे गेलेली असणार, बिल ऑफ लेडिंग (जहाजाने माल घेतल्याची पावती, जिच्यावर माल ताब्यात मिळतो) त्याच्या हातात, विम्याची पॉलिसीही त्याच्या नावे एंडॉर्स झालेली. विमा कंपनी त्याला पैसे देते. इथे तुमच्या साहेबांच्या मते विषय संपतो. विमा कंपनीच्या मते इथून सुरू होतो. ती खरेदीदाराच्या जागी उभी राहून बिल ऑफ लेडिंगखाली जहाजमालकावर दावा लावते. मालकाचा क्लब तो तडजोडीने मिटवतो. आणि मग क्लब फाइल उघडून चार्टर पार्टी काढतो.

एनवायपीईवर मालाचा दावा मालक आणि चार्टरर यांच्यात कसा वाटायचा याचा क्लबांनीच आपसात करार करून ठेवलाय, इंटर-क्लब अ‍ॅग्रीमेंट. पहिला १९७० चा, सध्याचा मजकूर २०११ चा. त्याचं सौंदर्य असं की चूक कुणाची यावर वर्षानुवर्षं भांडायचं नाही, नुकसानीचं कारण कोणत्या खणात बसतं ते बघायचं. जहाज समुद्रात जायच्या लायकीचं नव्हतं किंवा ते चालवण्यात चूक झाली, तर शंभर टक्के मालक. चढवणं, रचणं, बांधणं, उतरवणं यात चूक, तर शंभर टक्के चार्टरर. तुमचं लॅशिंग इथे बसतं. माल कमी भरला किंवा भलत्या बंदराला गेला तर निम्मं निम्मं, आणि कशातच नीट बसत नसेल तरीही निम्मं निम्मं.

म्हणजे काय झालं? तुमच्याच मालाचं नुकसान, तुमच्याच विमा कंपनीने भरून दिलेलं, फिरून तुमच्याच दारात बिल होऊन आलं. विमा कंपनीकडून तुमच्याविरुद्ध वसुली न करण्याचं कलम घेतलंत तरी ती मालकाकडे जायची थांबत नाही, आणि मालक तुमच्याकडे यायचा थांबत नाही.

आता मसुदा काढा आणि कलम ८ बघा. छापील मजकुरात माल चढवणं, रचणं चार्टररच्या खर्चाने आणि कॅप्टनच्या देखरेखीखाली असं आहे. ‘देखरेख’ या शब्दापुढे ‘आणि जबाबदारी’ असे दोन शब्द घातलेत का? घातले असतील तर तो लॅशिंगचा दावा शंभर टक्क्यांवरून पन्नासवर येतो. नसतील तर ब्रोकरला आजच सांगा. मालक कुरकुर करेल, पण भाव ठरायच्या आधी कुरकुर स्वस्त असते. दावा करणाऱ्याने २४ महिन्यांत लेखी कळवलं पाहिजे हीही अट करारात आहे, तेव्हा फायली लवकर रद्दीत घालू नका.

रजेवरचा_चीफ

काकांनी डेकवरचं सांगितलं, मी खालचं सांगतो. मी चीफ इंजिनिअर, सध्या रजेवर, वारज्यात. बंकर तुम्ही भरणार म्हणताय ना, मग हे वाचा.

२०२२ च्या सुरुवातीला सिंगापूरला क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगं मिसळलेलं इंधन सुमारे २०० जहाजांना गेलं. त्यातल्या ८० च्या आसपास जहाजांचे फ्युएल पंप आणि इंजिन धरले. त्याआधी २०१८ ला ह्यूस्टनच्या बाजूला असंच झालं होतं. गंमत म्हणजे नेहमीच्या चाचणीत असलं इंधन पास होतं. टाइम चार्टरवर इंधन चार्टररने द्यायचं, तर फ्युएल पंपाचे प्लंजर अडकले की मालक बोट तुमच्याकडे दाखवणार, आणि बरोबरच दाखवणार.

तेव्हा एवढं करा. बंकरिंगच्या वेळी तुमचा सर्व्हेअर बार्जवर ठेवा. नमुना ठिबक पद्धतीने मॅनिफोल्डवर (इंधनाची नळी जोडायच्या जागी), पूर्ण भरणा होईपर्यंत घेतला पाहिजे, सुरुवातीला एक बाटली भरून झालं असं नाही. बाटल्यांचे सील नंबर बंकर डिलिव्हरी नोटवर लिहिलेले हवेत. बार्जवाला आधीच भरलेल्या बाटल्या पुढे करतो, सहीसाठी पेनही स्वतःचं देतो, इतका प्रेमळ असतो. ते घ्यायचं नाही. वाद झाला की कोर्टात बाटली बोलते, चीफ नाही.

जाता जाता, आम्हा खलाशांसाठी हे क्लब म्हणजे केवळ कागद नाही. अ‍ॅकोमोडेशनमध्ये नोटीस बोर्डावर दोन सर्टिफिकेटं लावलेली असतात, २०१७ पासून सक्तीची. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं तर घरी आणण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार कुणाकडे मागायचा त्याचं नाव-पत्ता त्यावर असतो. जहाजावर चढल्यावर मी आधी ते वाचतो, मग इंजिन रूम.

जुना_दावेवाला

चीफसाहेब, बाटलीचं अगदी खरं. मी भर घालतो ती बंदराची.

जहाज कुठे न्यायचं ते चार्टरर सांगतो, म्हणून ते बंदर सुरक्षित असल्याची हमीही बहुतेक वेळा त्याचीच. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या काशिमा बंदरातून वादळात बाहेर पडताना ‘ओशन व्हिक्टरी’ हे मोठं बल्क कॅरियर किनाऱ्यावर चढलं आणि तुटलं. बंदर असुरक्षित होतं म्हणून साडेतेरा कोटी डॉलरच्या वर दावा चार्टररवर लागला. खालच्या कोर्टात चार्टरर हरले, वरच्या कोर्टात जिंकले, आणि शेवटी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने ती परिस्थिती अपवादात्मक होती, बंदर असुरक्षित नव्हतं असं ठरवलं. जिंकले, पण अकरा वर्षं वकिलांना पोसलं कुणी? चांगल्या कव्हरमध्ये बचावाचा खर्चही येतो, तो येतो का ते पॉलिसीत शोधा. हायर, ऑफ-हायर (भाडं थांबलेला काळ), डिमरेजच्या (खोळंब्याच्या आकाराच्या) भांडणांचा वकिली खर्च मात्र वेगळ्या ‘डिफेन्स’ कव्हरमध्ये असतो, आणि त्यातही वकिलाची फी मिळते, खुद्द डिमरेज नाही. ते कुठलाच क्लब देत नाही.

‘एमएससी फ्लामिनिया’चंही सांगून टाकतो, कारण मर्यादा कमी निवडायचा मोह होतो. २०१२ ला अटलांटिकमध्ये कंटेनरमधल्या रसायनाचा स्फोट, तिघे खलाशी गेले. लंडनच्या लवादाने चार्टररला सुमारे २० कोटी डॉलर द्यायला लावले. मालक जगाला देणं लागतो तेव्हा त्याला टनेजवर रकमेची मर्यादा घालून घेता येते. चार्टररलाही बाकीच्यांविरुद्ध येते. पण जहाजाच्याच नुकसानीचा मालकाचा दावा असेल तर इंग्लिश कायद्यात ती सवलत नाही, २००४ च्या ‘सीएमए जकार्ता’ निकालापासून हे पक्कं आहे. तुमच्या मालात रसायन नाही ठीक, पण रंगाचे डबे, थिनर, गॅस सिलिंडर प्रकल्पाच्या मालात सटरफटर म्हणून जातात. पॅकिंग लिस्ट स्वतः वाचा.

काळा_कोट

उच्च न्यायालयात अ‍ॅडमिरल्टीची (सागरी दाव्यांची) थोडीफार कामं करतो, म्हणून फक्त दोन मुद्दे.

मालकाचं सर्टिफिकेट पीडीएफवर विश्वासून घेऊ नका. ग्रुपच्या क्लबांच्या संकेतस्थळांवर जहाजाचं नाव किंवा आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) घालून कव्हर आजच्या तारखेला चालू आहे का ते दिसतं. कॉल थकले तर क्लब कव्हर रद्द करू शकतो. आपल्या २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्यात थकलेले म्युच्युअल इन्शुरन्सचे कॉल हासुद्धा सागरी दावा आहे, म्हणजे त्यासाठी जहाज अटकावून ठेवता येतं. तुमचा माल पोटात घेऊन जहाज तिसऱ्याच्याच भांडणात अडकलं तर तुम्ही काय करणार?

दुसरं, क्लबचा एक जुना नियम आहे, सभासदाने आधी खिशातून द्यायचं, मग क्लब भरून देणार. १९९० ला हाउस ऑफ लॉर्ड्सने तो उचलून धरला. समोरचा मालक दिवाळखोर निघाला तर त्याच्या क्लबवर थेट जाऊन पैसे मिळतीलच असं नाही. तेव्हा मालक कोण आहे हेही बघा, फक्त क्लबचं नाव नको.

जुना_दावेवाला

वकीलसाहेबांच्या पहिल्या मुद्द्याला पुस्ती. परदेशी जहाजाकडे पी अँड आय असल्याशिवाय आपल्या बंदरात घ्यायचं नाही हा नियम इथे २०१२ मध्ये आला. कारण २०११ च्या पावसाळ्यात जुहूच्या वाळूत आधी ‘विस्डम’ येऊन बसलं, मग ओमानजवळ सोडून दिलेलं ‘पवित’ वाहत येऊन बसलं, आणि त्याच आठवड्यात कोळसा घेऊन जाणारं ‘रॅक कॅरियर’ मुंबईबाहेर बुडालं. लोक सहकुटुंब जहाज बघायला जुहूला गेले, भुट्टे खाऊन आले. काढायचा खर्च कुणी द्यायचा हे भुट्टेवाल्याने विचारलं नाही, पण सरकारला विचारावं लागलं.

पिरंगुटकर

सगळ्यांचे आभार. आज साहेब स्वतः वाचत बसले होते. कलम ८ मध्ये ‘आणि जबाबदारी’ नव्हतं, ब्रोकरला कळवलं. मालकाने मान्य केलं, पण लॅशिंगचा आराखडा कॅप्टनला आधी मंजुरीला द्यायचा या अटीवर. कव्हरचं कोटेशन दोन ठिकाणांहून मागवलंय, एक क्लबचं आणि एक लंडन मार्केटचं (तिथल्या विमाकारांचं).

शेवटचं एक. दोन इव्हॅपोरेटर बॉड्या होल्डमध्ये मावत नाहीत, डेकवर जातील. यात काही वेगळं बघायचं का?

जुना_दावेवाला

बघायचं म्हणजे, सगळ्यात आधी तेच बघायचं. डेकवर जाणारा माल बिल ऑफ लेडिंगच्या तोंडावर ‘डेकवर, शिपरच्या जोखमीवर’ असा स्पष्ट लिहिलेला हवा. माल डेकवर आणि बिल मात्र कोरं (डेकचा शेरा नसलेलं), असं झालं तर मालकाचं क्लबचं कव्हर धोक्यात येतं आणि तुमचंही. तुमच्या खरेदीदाराच्या एलसीमध्ये (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये) डेकवरच्या बिलाला मनाई असू शकते, बऱ्याचदा असते. आणि मग ऐन वेळी बँकेत अडकू नये म्हणून कुणीतरी सुचवतं, ‘बिल कोरं काढा, आम्ही इंडेम्निटीचं (नुकसान भरून द्यायच्या हमीचं) पत्र देतो.’ ते पत्र देऊ नका. तसंच मोम्बासाला मूळ बिल पोचलं नाही म्हणून पत्रावर माल सोडा म्हणाल तर तेही कव्हरच्या बाहेर. एलसी आत्ताच दुरुस्त करून घ्या, खरेदीदाराला आज फोन करा, जहाज धक्क्याला लागल्यावर नाही.

मालाच्या पॉलिसीतही डेकचा माल वेगळा कळवावा लागतो, नाहीतर समुद्रात वाहून गेल्याचं कव्हर मिळत नाही. आणि कोटेशन आलं की क्लबचं आणि लंडनवाल्याचं शेजारी ठेवून मर्यादा, डिडक्टिबल (दाव्यातली आपण सोसायची रक्कम) आणि डॅमेज टू हल असं तिन्ही ताडून बघा. नुसत्या प्रीमियमच्या आकड्यावर साहेबांची सही घेऊ नका. मला हवं तर व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवा, पण सोमवारनंतर, शनिवार-रविवार नातवाकडे बाणेरला असतो.

पिरंगुटकर

एलसी पाहिली. डेकवरच्या बिलाला मनाई आहेच. फोन लावतोय.